विश्वाच्या बालपणातील दीर्घिका कशा शोधतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत आणि शाळा-महाविद्यालयांतील व्याख्यानांनंतर अतिदूरच्या दीर्घिकांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ‘सर्वांत दूरची दीर्घिका सापडली’ एवढी बातमी बहुतेकांनी वाचलेली असते. परंतु ते अंतर कोणत्या पुराव्यावर ठरले, हे बातमीत क्वचितच सांगितलेले असते. माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा तोच आहे, म्हणून पुढील उत्तरांत पुराव्याला मुद्दाम अधिक जागा दिली आहे.

आकाशगंगा आणि दीर्घिका हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का?

बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, पण लिहिताना फरक पाळलेला बरा. ज्या तारकासंघात आपला सूर्य आहे त्याचे नाव आकाशगंगा, आणि तशा प्रकारच्या सर्वच तारकासंघांना दीर्घिका म्हणतात. म्हणजे आकाशगंगा ही असंख्य दीर्घिकांपैकी एक होय.

दूरची दीर्घिका पाहणे म्हणजे भूतकाळ पाहणे, असे का म्हणतात?

प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो. सूर्यप्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला सुमारे सव्वाआठ मिनिटे लागतात, देवयानी दीर्घिकेचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो, आणि ज्या दीर्घिकांबद्दल आपण येथे बोलत आहोत त्यांचा प्रकाश १३०० कोटी वर्षांहून जुना आहे. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांनी जशी होती तशी एखादी दीर्घिका आज आपल्याला दिसत असेल, तर विश्वाचे जेमतेम दोन टक्के आयुष्य सरले होते तेव्हाचे ते दृश्य आहे. शंभरी गाठलेल्या माणसाचा तो दोन वर्षांचा असतानाचा फोटो हाती लागावा, तसेच हे आहे.

मग ती दीर्घिका १३५० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे, असे म्हणणे बरोबर आहे का?

प्रकाशाने १३५० कोटी वर्षे प्रवास केला, हे म्हणणे बरोबर आहे. पण तो वाटेत असताना अवकाश प्रसरण पावतच होते, त्यामुळे ती दीर्घिका आज आपल्यापासून ३३०० कोटी प्रकाशवर्षांहून अधिक दूर आहे. दोन्ही आकडे खरे असून ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. वर्तमानपत्रांत ते एकमेकांत मिसळले जातात आणि वाचक गोंधळतो. म्हणून खगोलशास्त्रज्ञ आपसांत अंतराचा आकडा सहसा वापरतच नाहीत. ते ताम्रसृती सांगतात.

ताम्रसृती म्हणजे काय?

प्रकाश अवकाशातून येत असताना अवकाशाबरोबर त्याची तरंगलांबीही ताणली जाते आणि तो वर्णपटाच्या, म्हणजे तरंगलांबीनुसार पसरलेल्या रंगपट्ट्याच्या, तांबड्या बाजूकडे सरकतो. या सरकण्याला ताम्रसृती किंवा सर्रास रेडशिफ्ट म्हणतात. ताम्रसृतीच्या आकड्यात एक मिळवला की तरंगलांबी किती पट झाली ते कळते. ताम्रसृती १४ असेल तर प्रत्येक लहर १५ पट लांब झालेली असते, आणि तो प्रकाश निघाला तेव्हा विश्वातील अंतरे आजच्या एक पंधरांश होती. ताम्रसृती थेट मोजता येते. अंतर आणि काळ मात्र विश्वाच्या प्रसरणाचे प्रतिमान गृहीत धरून त्यावरून काढावे लागतात. शास्त्रज्ञांचा भर ताम्रसृतीवर असतो तो याच कारणाने.

यासाठी अवरक्त (तांबड्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टिपणारी) दुर्बीणच का लागते? हबल पुरेशी नव्हती का?

हबलनेच या कामाचा पाया घातला. डिसेंबर १९९५ मध्ये हबलचे काम पाहणाऱ्या संस्थेचे तेव्हाचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनी आपल्या अधिकारातील निरीक्षणवेळ वापरून सप्तर्षी तारकासमूहातील एका जवळजवळ रिकाम्या दिसणाऱ्या ठिकाणाकडे दुर्बीण सलग १० दिवस रोखून ठेवली. तेथे काहीच दिसले नाही तर मोलाचा वेळ वाया जाईल, अशी भीती अनेक जाणकारांनी व्यक्त केली होती. प्रत्यक्षात त्या चिमुकल्या तुकड्यात सुमारे ३००० दीर्घिका दिसल्या. पुढे अश्मंत तारकासमूहातील दुसऱ्या एका तुकड्याचे त्याहून खोल चित्र घेतले गेले आणि त्यात सुमारे १०,००० दीर्घिका आढळल्या.

हबलची मर्यादा तरंगलांबीची होती. तिचा कॅमेरा सुमारे १.७ मायक्रॉनपर्यंतच (एक मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर) पाहू शकतो, आणि ताम्रसृती १३-१४ च्या पुढे गेली की दीर्घिकेचा सगळा उपयोगी प्रकाश त्या सीमेच्या पलीकडे सरकतो. २०१६ साली हबलने शोधलेली जीएन-झेड११ ही दीर्घिका म्हणजे त्या दुर्बिणीच्या कुवतीचे जवळजवळ शेवटचे टोक होते. तिची ताम्रसृती तेव्हा ११.०९ मानली गेली. पुढे जेम्स वेब दुर्बिणीने ती १०.६ असल्याचे दाखवले.

२५ डिसेंबर २०२१ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून निघालेली जेम्स वेब दुर्बीण ०.६ पासून सुमारे २८ मायक्रॉनपर्यंत पाहते. तिचा आरसा ६.५ मीटर व्यासाचा असून तो सोन्याचा मुलामा दिलेल्या १८ षटकोनी तुकड्यांचा आहे. दुर्बीण स्वतः गरम असेल तर तिच्याच अवरक्त उजेडात दूरचा क्षीण प्रकाश बुडून जाईल, म्हणून ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, टेनिस कोर्टाएवढ्या पाच पदरी छत्रीच्या सावलीत, उणे २३० अंश सेल्सियसच्या आसपासच्या थंडीत ठेवली आहे.

लाखो ठिपक्यांतून नेमका दूरचा ठिपका कसा ओळखतात?

या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबीने देणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे.

आकाशाच्या एकाच तुकड्याचे वेगवेगळ्या फिल्टरांतून फोटो घेतले जातात, आणि प्रत्येक फिल्टर तरंगलांबीचा एक ठरावीक पट्टाच आत येऊ देतो. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेत हायड्रोजन वायूतून जातो. विश्वाच्या सुरुवातीच्या काळात हा वायू मोठ्या प्रमाणात उदासीन, म्हणजे अखंड अणूंच्या रूपात होता, आणि असा हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ पूर्ण गिळून टाकतो. त्यामुळे दीर्घिकेच्या वर्णपटात त्या जागी कड्यासारखा तुटलेला भाग तयार होतो: एका बाजूला प्रकाश आहे आणि दुसऱ्या बाजूला शून्य.

ताम्रसृतीमुळे हा कडाही सरकतो. ताम्रसृती १४ असेल तर १२१.६ नॅनोमीटरचा कडा १५ पट होऊन सुमारे १.८ मायक्रॉनवर येतो. अशी दीर्घिका २ मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये स्पष्ट दिसते आणि दीड मायक्रॉनच्या किंवा त्याखालच्या कोणत्याही फिल्टरमध्ये अजिबात दिसत नाही. एखाद्या फिल्टरमधून अशा रीतीने गळालेल्या ठिपक्याला अभ्यासक ‘ड्रॉपआउट’ म्हणतात. १९९० च्या दशकात चार्ल्स स्टायडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताम्रसृती ३ च्या आसपासच्या दीर्घिकांसाठी ही पद्धत यशस्वी करून दाखवली. तत्त्व तेच राहिले आणि फिल्टर लांब तरंगलांबीकडे सरकत गेले.

या पद्धतीने मिळतो तो उमेदवार. त्याच्यावर अजून शिक्कामोर्तब झालेले नसते. बातमी वाचताना हा फरक मनात ठेवावा, असे मी प्रत्येक श्रोत्याला आग्रहाने सांगत असतो.

उमेदवार चुकीचा निघतो का?

निघतो, आणि त्याचे अतिशय बोधप्रद उदाहरण आपल्यापुढे आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात वेब दुर्बिणीच्या पहिल्या चित्रांवर जगभरचे गट तुटून पडले. सीअर्स नावाच्या सर्वेक्षणातील ९३३१६ क्रमांकाच्या ठिपक्याची ताम्रसृती फिल्टरांवरून सुमारे १६ निघाली, म्हणजे ती दीर्घिका महास्फोटानंतर २५ कोटी वर्षांच्या आतली ठरत होती. पुढच्या वर्षी तिचा वर्णपट घेतला तेव्हा ताम्रसृती ४.९ निघाली! ती महास्फोटानंतर १०० कोटी वर्षांहूनही नंतरची, धूळभरली दीर्घिका होती. तिच्यातील ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या तीव्र उत्सर्जनरेषा, म्हणजे ठरावीक तरंगलांबीवर एकवटलेला प्रकाश, योगायोगाने अशा जागी पडल्या होत्या की काही फिल्टर उजळले आणि बाकीच्यांत तोच कड्याचा भास झाला.

यात कोणी निष्काळजीपणा केला, असे समजू नये. मूळ संशोधकांनी तिला उमेदवारच म्हटले होते, आणि त्याच निरीक्षणमोहिमेत ‘मेझीज गॅलक्सी’ या दुसऱ्या उमेदवाराची ताम्रसृती ११.४ असल्याचे निश्चित होऊन तिचे अतिदूर असणे पक्के झाले. धुळीने तांबड्या झालेल्या दीर्घिका, जुन्या ताऱ्यांच्या दीर्घिका आणि आपल्याच आकाशगंगेतील तपकिरी बटू तारेसुद्धा असे सोंग वठवू शकतात.

वर्णपट घेणे इतके महत्त्वाचे असेल, तर तो सगळ्यांचाच का घेत नाहीत?

कारण वेळ. फोटोत ठिपक्याचा सगळा प्रकाश एका जागी साठतो, तर वर्णपटात तोच तुटपुंजा प्रकाश शेकडो रंगांत पसरवावा लागतो. वेबवरील निअरस्पेक या उपकरणात सुमारे अडीच लाख सूक्ष्म झडपा आहेत, एकेक झडप ०.१ बाय ०.२ मिलिमीटरची. हव्या त्या ठिपक्यांपुढच्या झडपा तेवढ्या उघडायच्या आणि बाकीच्या बंद ठेवायच्या, अशा रीतीने शंभराहून अधिक दीर्घिकांचे वर्णपट एकाच वेळी घेता येतात. या विषयातील तंत्रज्ञानापैकी मला सर्वांत मोहवणारी गोष्ट हीच आहे. तरीही जेड्स-जीएस-झेड१४-० या दीर्घिकेसाठी जानेवारी २०२४ मध्ये जवळजवळ दहा तास द्यावे लागले.

या जेड्स-जीएस-झेड१४-० चे एवढे कौतुक का झाले?

तिच्यात एका शोधाचे सगळे टप्पे दिसतात. फोटोत ती इतकी तेजस्वी होती, आणि एका जवळच्या दीर्घिकेला इतकी खेटून दिसत होती, की संशोधकांनाच आधी ती खरोखर दूरची असेल यावर विश्वास बसेना. वर्णपटात कडा मिळाला आणि मे २०२४ मध्ये ताम्रसृती १४.३२ जाहीर झाली. तिचा विस्तार सुमारे १६०० प्रकाशवर्षे आहे. तेव्हा तिचा प्रकाश मुख्यतः एखाद्या कृष्णविवराभोवतीच्या वायूचा असता तर तो एका बिंदूतून आल्यासारखा दिसला असता. तो ताऱ्यांचाच असला पाहिजे.

मात्र कडा हा थोडा पसरट असतो, त्यामुळे त्यावरून काढलेल्या आकड्यात काही अनिश्चितता उरते. मार्च २०२५ मध्ये चिलीतील अटाकामा वाळवंटातल्या, ५००० मीटर उंचीवरील ६६ अँटेनांच्या आल्मा या दुर्बिणीने तिच्यात ऑक्सिजनची रेषा टिपल्याचे दोन स्वतंत्र गटांनी जाहीर केले आणि ताम्रसृती १४.१८ इतकी नेमकी ठरली. तो आकडा इतका काटेकोर आहे की एक किलोमीटर अंतर मोजताना पाच सेंटिमीटरची चूक व्हावी, एवढीच त्यातली त्रुटी.

ऑक्सिजन सापडण्यात विशेष काय?

महास्फोटात मुख्यतः हायड्रोजन आणि हीलियम तयार झाले. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटातच शिजतो आणि मोठे तारे फुटले की बाहेर पडतो. तेव्हा महास्फोटानंतर अवघ्या ३० कोटी वर्षांत तिथे ऑक्सिजन असणे म्हणजे ताऱ्यांची निदान एक पिढी तोवर जन्मून, जगून, मरूनही गेली होती. जड मूलद्रव्यांचे प्रमाण अपेक्षेच्या सुमारे दहापट निघाले.

सध्याचा विक्रम कोणाच्या नावावर आहे?

मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या मॉम-झेड१४ या दीर्घिकेची वर्णपटावरून ठरलेली ताम्रसृती १४.४४ आहे, म्हणजे ती महास्फोटानंतर सुमारे २८ कोटी वर्षांनी होती तशी आपल्याला दिसते. याहून मोठ्या आकड्यांचे दावे वाचनात आले, तर ते आधी उमेदवार म्हणून वाचावेत.

गुरुत्वीय भिंगाचा उपयोग कसा होतो?

शेकडो दीर्घिकांचा मोठा समूह आपल्या वस्तुमानाने भोवतालचे अवकाश वाकवतो आणि त्याच्या मागच्या दीर्घिकांचा प्रकाश वळवून मोठा व तेजस्वी करून आपल्याकडे पाठवतो. ११ जुलै २०२२ रोजी वेबचे पहिले खोल चित्र प्रसिद्ध झाले, त्यातील वाकड्या तांबूस कमानी याच कारणाने दिसतात. मात्र प्रतिमा किती पट मोठी झाली हे समूहाच्या वस्तुमानाच्या नकाशावरून ठरते, आणि तो नकाशा चुकला तर दीर्घिकेचे तेज व वस्तुमानही चुकते.

वेबच्या निरीक्षणांमुळे महास्फोट सिद्धांत खोटा ठरला, हे खरे आहे का?

नाही. इतक्या सुरुवातीला इतक्या तेजस्वी दीर्घिका अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त सापडल्या, एवढे खरे आहे. २०२३ च्या आरंभी काही दीर्घिकांची वस्तुमाने इतकी मोठी काढली गेली की तेवढे तारे घडवायला उपलब्ध वायू पुरला नसता. पुढे त्यांपैकी काहींचा प्रकाश ताऱ्यांबरोबरच वाढत्या कृष्णविवरांचाही असावा असे दिसून आले, आणि वस्तुमानाचे आकडे खाली आले. उरलेल्या तफावतीसाठी अनेक शक्यता तपासल्या जात आहेत: तारे सलग न घडता झपाट्यांनी घडत असतील, सुरुवातीला धूळ कमी असल्याने प्रकाश अडत नसेल, किंवा तेव्हा जड व तेजस्वी तारे अधिक प्रमाणात जन्मत असतील. दीर्घिका किती लवकर घडल्या यावरचा हा वाद आहे. विश्व प्रसरण पावते की नाही, यावरचा नव्हे.

मराठी वाचकाला येथे डॉ. जयंत नारळीकरांची आठवण होणे साहजिक आहे. त्यांनी फ्रेड हॉईल यांच्यासह स्थिरस्थिती सिद्धांताचा आयुष्यभर अभ्यासपूर्वक पाठपुरावा केला. विश्व सदासर्वकाळ सारखेच असेल, तर दूरच्या आणि जवळच्या दीर्घिका सरासरीने सारख्याच दिसायला हव्यात, ही त्या सिद्धांताच्या मूळ रूपाची स्पष्ट, तपासता येण्याजोगी अपेक्षा होती. आज दूरच्या दीर्घिका लहान, ओबडधोबड आणि जड मूलद्रव्यांच्या बाबतीत गरीब दिसतात, म्हणजे विश्व बदलत आले आहे. उत्तर त्यांच्या बाजूने लागले नाही. पण प्रश्न निरीक्षणाने सुटेल अशा रीतीने मांडण्याची त्यांची पद्धत या क्षेत्रातील प्रत्येक विद्यार्थ्याने शिकण्यासारखी आहे.

‘लहान तांबडे ठिपके’ काय आहेत?

वेबला विश्वाच्या पहिल्या दीडशे कोटी वर्षांत अतिशय आटोपशीर आणि तांबड्या वस्तू मोठ्या संख्येने दिसल्या. त्यांच्या वर्णपटांतील हायड्रोजनच्या रेषा रुंद असतात, म्हणजे वायू प्रचंड वेगाने फिरतो आहे आणि मध्यभागी कृष्णविवर असावे. परंतु अशा ठिकाणाहून अपेक्षित असलेले क्ष-किरण बहुतेकांतून मिळत नाहीत. त्यांच्या स्वरूपावर अजून एकमत झालेले नाही.

सुरुवातीचे विश्व धुक्यासारखे होते, असे म्हणतात. ते धुके कसे विरले?

महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व इतके निवले की अणू बनले, आणि त्यानंतर पहिले तारे पेटेपर्यंत अंधारयुग होते. पहिल्या ताऱ्यांच्या व दीर्घिकांच्या अतिनील प्रकाशाने भोवतालच्या हायड्रोजन अणूंतील इलेक्ट्रॉन पुन्हा वेगळे केले. या प्रक्रियेला पुनर्आयनीकरण म्हणतात, आणि ती साधारण पहिल्या १०० कोटी वर्षांत पूर्ण झाली. प्रश्न असा की, हा अतिनील प्रकाश स्वतःच्या दीर्घिकेतील वायूत न अडकता बाहेर निसटत कसा होता? त्या काळातील तो प्रकाश थेट पाहता येत नाही, कारण वाटेतला हायड्रोजन तो गिळतो. म्हणून जवळच्या काळातील सदृश दीर्घिका शोधाव्या लागतात. २०२० मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील गटाने भारताच्या ॲस्ट्रोसॅट दुर्बिणीतून एका दीर्घिकेतून निसटून ९३० कोटी वर्षे प्रवास करून आलेला असा तीव्र अतिनील प्रकाश टिपला.

महाराष्ट्रात या विषयावर आणखी कोणते काम चालते?

पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या चित्रांत एक सुडौल सर्पिल दीर्घिका शोधली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती जाहीर झाली. तिची ताम्रसृती सुमारे ४ असून ती महास्फोटानंतर अंदाजे १५० कोटी वर्षांनी होती तशी दिसते. इतक्या लवकर दोन स्पष्ट बाहू असलेली तबकडी तयार होणे अनपेक्षित होते. मंदाकिनी हे आकाशगंगेचे हिंदी नाव आणि हिमालयातील एका नदीचेही, म्हणून तिच्या बहिणीसारख्या दिसणाऱ्या या दीर्घिकेला हिमालयातील दुसऱ्या नदीवरून अलकनंदा हे नाव दिले. तिचे अंतर अनेक फिल्टरांतील तेजावरून काढलेले आहे.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी ही प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. आदिकाळातील हायड्रोजनचा २१ सेंटिमीटर तरंगलांबीचा, ताणला जाऊन मीटरभराहून लांब झालेला रेडिओ संदेश शोधणे, हा ती उभारण्यामागचा एक मूळ हेतू होता. २०२३ मध्ये एका गुरुत्वीय भिंगाच्या मदतीने तिने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला असा संदेश एका दीर्घिकेतून टिपल्याचे जाहीर झाले. पुनर्आयनीकरणाच्या काळातील हायड्रोजन टिपणे हे याहून फार कठीण काम असून, ते भारताचा सहभाग असलेल्या एसकेए या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बीण प्रकल्पाच्या मुख्य उद्दिष्टांपैकी एक आहे.

चित्रांतील रंग खरे असतात का?

अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून सर्वांत लांब तरंगलांबीला तांबडा आणि सर्वांत आखूड तरंगलांबीला निळा रंग देतात. क्रम खरा असतो, छटा नेमून दिलेल्या असतात.

विद्यार्थ्याला ही निरीक्षणे स्वतः पाहता येतात का?

येतात. वेब आणि हबलची निरीक्षणे मास्ट या ऑनलाइन संग्रहात ठेवलेली आहेत. काही लगेच आणि काही जास्तीत जास्त एका वर्षाच्या राखीव मुदतीनंतर सर्वांना विनामूल्य खुली होतात. अलकनंदाही अशाच खुल्या चित्रांत सापडली. सुरुवात करणाऱ्याने एखाद्या प्रसिद्ध ड्रॉपआउटची वेगवेगळ्या फिल्टरांतील चित्रे शेजारी शेजारी मांडून तो ठिपका कोणत्या फिल्टरपासून नाहीसा होतो ते पाहावे, त्या तरंगलांबीला १२१.६ नॅनोमीटरने भागावे, एक वजा करावा, आणि आलेली ताम्रसृती प्रसिद्ध झालेल्या आकड्याशी ताडून पाहावी.